हप्ता मुलाच्या थेरपीतून भरला जातो आहे

प्रश्न : माझे वय ३४. औद्योगिक वसाहतीतील खासगी कंपनीत नोकरी करतो, महिन्याला हातात ६८ हजार येतात. गृहकर्जाचा हप्ता २१ हजार, घरखर्च २८ हजार. पत्नी शिक्षिका होती. मुलासाठी तिने नोकरी सोडली. मुलगा २० महिन्यांचा आहे. पूर्ण दिवसांचा जन्मला, पण लगेच रडला नाही. दुसऱ्या दिवशी झटके आले आणि तो १४ दिवस अतिदक्षता विभागात होता. आता धरून उभा राहतो, पण चालत नाही. डावी टाच टेकवत नाही. शब्द एकही नाही. नवव्या महिन्यापासून सगळे उजव्या हाताने घेतो, त्याचे घरात कौतुक आहे. आई म्हणते, मीही तिसऱ्या वर्षी बोललो. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या नावाने वर्षाला १ लाख २० हजार हप्त्याची पॉलिसी घेतली (दहा वर्षे भरायचे, विसाव्या वर्षी सुमारे २४ लाख). हप्ता जमवायचा म्हणून फिजिओथेरपी आठवड्यातून चार दिवसांवरून एक दिवस केली आणि स्पीच थेरपी तूर्त थांबवली. आता ६ लाखांची मुदत ठेव संपते आहे. बँकेचे अधिकारी म्हणतात, एकरकमी ‘गॅरंटीड’ योजनेत टाका, १५ वर्षांनी १३ लाख मिळतील. दुसरीकडे एका स्टेमसेल (मूळपेशी) उपचार केंद्राने साडेचार लाखांत मूल चालेल असे सांगितले आहे. काय करू? रुग्णालयावर दावा केल्यास ४०–५० लाख मिळतील असे एक परिचित म्हणतात.

उत्तर : आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत देतो, कारण त्याला त्याहून अधिक जागा देण्याची गरज नाही. ६ लाख यांपैकी कुठेही टाकू नका. १५ वर्षांत ६ चे १३ लाख म्हणजे वर्षाला साधारण पाच टक्के. महागाई सहा टक्के धरली तर ते १३ लाख आजच्या साडेपाच लाखांएवढे असतील. पैसे १५ वर्षे अडकवून ठेवायचे आणि शेवटी आजच्यापेक्षा कमी किमतीचे परत घ्यायचे, याला कोणी ‘गॅरंटी’ म्हणत असेल तर त्याला त्या शब्दाचा अर्थ विचारावा.

आपल्या पत्रातील मला अस्वस्थ करणारे वाक्य वेगळे आहे. फिजिओथेरपी चारवरून एक दिवस केली आणि स्पीच थेरपी थांबवली, हे आपण ओघात लिहिले आहे. त्याचा हिशेब मांडू. फिजिओथेरपीचे सत्र ५०० रुपयांना आणि स्पीचचे ६०० रुपयांना धरले, तर पूर्वीचा खर्च आठवड्याला २,६०० म्हणजे महिन्याला ११ हजारांच्या आसपास होता. तो आता सव्वादोन हजारांवर आला आहे. वाचलेले पावणेनऊ हजार आणि पॉलिसीचे महिना दहा हजार हे आकडे जवळजवळ सारखेच आहेत. विसाव्या वर्षी मुलाच्या हातात काही रक्कम पडावी म्हणून आपण त्याचे विसाव्या महिन्यातील उपचार विकले आहेत. हेतू मायेचा आहे याविषयी मला शंका नाही, पण व्यवहार उलटा झाला आहे.

मी डॉक्टर नाही. तरीही अशा मुलांच्या पालकांचे आर्थिक नियोजन करायचे तर काही गोष्टी जाणून घ्याव्याच लागतात, कारण पैसा कधी लागणार हे त्यांवर ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापानुसार निरोगी मुले आधाराशिवाय चालू लागण्याचे वय साधारण ८ ते साडेसतरा महिने आहे. आपला मुलगा पूर्ण दिवसांचा आहे, त्यामुळे लवकर जन्मलेल्या मुलांना वयात जी सूट दिली जाते ती त्याला लागू नाही. सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नसेल तर तपासणी करावी, हाही बालविकासातला प्रचलित संकेत आहे. आपण तिसऱ्या वर्षी बोललात हे खरे असेल, पण आपल्याला जन्मानंतर झटके आले नव्हते. ज्या मुलाच्या जन्माचा इतिहास असा आहे, त्याच्या बाबतीत ‘घराण्यात उशिराच बोलतात’ हे उत्तर पुरत नाही.

घरात ज्याचे कौतुक होते आहे, त्या उजव्या हाताविषयी थोडे अधिक लिहितो. मूल वर्षाच्या आत एकाच हाताला ठळकपणे पसंती देऊ लागले, तर तो कोणता हात जास्त वापरतो यापेक्षा दुसरा हात का वापरत नाही, हे डॉक्टर पाहतात. डावा हात मागे राहणे आणि डावी टाच न टेकणे या दोन गोष्टी एकत्र आल्या असतील, तर त्या बालमेंदूविकार तज्ज्ञांना याच महिन्यात दाखवा. एमआरआय झाला असेल तर त्याच्या फिल्म सोबत न्या, झाला नसेल तर करावा का ते विचारा. कदाचित निदान सेरेब्रल पाल्सीचे (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर येणाऱ्या मर्यादेचे) असेल, कदाचित नसेल. ते ठरवणे माझे काम नाही. ज्या मुलांची केवळ एक बाजू अशी बाधित असते, त्यांपैकी बहुतेक मुले पुढे स्वतःच्या पायांनी चालतात, आणि दोन वर्षांच्या आत आधाराशिवाय बसू लागणे हेही सहसा चांगले चिन्ह मानले जाते. म्हणजे बँकेतला अधिकारी ज्या भीतीवर पॉलिसी विकतो आहे ती भीती, आणि केंद्र ज्या आशेवर साडेचार लाख मागते आहे ती आशा, दोन्ही निदानाच्या आधीच विकल्या जात आहेत.

मग थेरपीची घाई कशासाठी, तर स्नायूंसाठी आणि वयासाठी. मेंदूची इजा वाढत नाही, पण मूल वाढते. हाड वाढते आणि ताठ राहिलेला स्नायू त्याच्या गतीने लांबत नाही, म्हणून टाच वरच राहू लागते; पुढे सांध्याचा आकार बदलला की सत्रांचे काम शस्त्रक्रियेवर जाते. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण एकतृतीयांश मुलांचे खुब्याचे हाड सांध्यातून सरकते, म्हणून डॉक्टर ठरावीक काळाने खुब्याचा एक्स-रे काढायला सांगतात. कॅनडातील संशोधकांनी अशा शेकडो मुलांची हालचालींतील प्रगती वर्षानुवर्षे मोजून २००२ मध्ये मांडली, तेव्हा असे दिसले की बहुतेक मुले आपल्या क्षमतेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पाचव्या वर्षाच्या आसपास पोहोचतात, आणि इजा जितकी तीव्र तितके हे वय अलीकडे येते. आपल्या पॉलिसीची मुदत २० वर्षे आहे. जिथे पैशाचे खरे काम होते ती मुदत आता सव्वातीन वर्षे उरली आहे.

बोलण्याविषयी आधी एक तपासणी करून घ्या : श्रवणाची, म्हणजे बेरा. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांना श्रवणदोषाचा धोका अधिक असतो आणि तो कधी कधी पुढे प्रकट होतो. जन्मानंतर एकदा ‘पास’ झाला होता एवढ्यावर थांबू नका. ऐकू कमी येत असेल तर वर्षभर केलेली स्पीच थेरपीसुद्धा वाया जाईल.

सत्रे मोजून विकत घेण्याचा आग्रहही मी धरत नाही. मुलाला गादीवर निजवून तासभर हातपाय हलवून देणाऱ्या सत्रापेक्षा, ‘खुर्ची धरून तीन पावले’ असे नेमके ध्येय ठेवणारे आणि आईला घरी करायचे काम शिकवणारे सत्र अधिक उपयोगी असते. थेरपिस्टला सरळ सांगा की दोन सत्रे आणि त्यांच्यासोबत रोजचा घरचा कार्यक्रम लिहून द्या. खर्च कमी करायचाच असेल तर तो इथे करता येईल. शिवाय आपण कर भरता त्यातून उभी राहिलेली एक सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. त्याअंतर्गत डीईआयसी म्हणून ओळखली जाणारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभारली गेली. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवण तज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एकाच ठिकाणी विनामूल्य मिळावेत, अशी त्यांची रचना आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था वाचा-श्रवणासाठी आणि हाजीअलीजवळची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था हालचालींसाठी आहे. वर्षातून एकदा तिथे दाखवून घरचा कार्यक्रम नव्याने लिहून आणणे परवडेल.

स्टेमसेलबाबत माझे मत ठाम आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार काही रक्तविकारांपुरते रक्तपेशींचे प्रत्यारोपण वगळता स्टेमसेलचा इतर सर्व वापर प्रायोगिक आहे, आणि प्रयोगात सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. साडेचार लाख घेऊन वर ‘मूल चालेल’ असे सांगणारी व्यक्ती आपल्या मुलाच्या बाजूची नाही. जे मूल आज ना उद्या स्वतःहून चालणार आहे, त्याच्या पावलांचे श्रेयही असे केंद्र घेईल आणि पावती आपल्या हातात ठेवेल.

आता चालू पॉलिसी. १२ लाख भरून विसाव्या वर्षी २४ लाख हा परतावा साडेचार टक्क्यांच्या घरात आहे. करबचतीचे कारण सांगितले गेले असेल तर तेही तपासा : आपल्या पगारावर नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत करच लागत नाही, म्हणजे वाचवायला कर नाही. त्याहून वाईट म्हणजे हा विमा कमावत नसलेल्या जिवाचा आहे. उद्या आपले बरेवाईट झाले तर हप्ता कोण भरणार, याचे उत्तर पॉलिसीच्या कागदात शोधा. हप्ता माफ होण्याची तरतूद नसेल तर बहुधा कोणीच नाही. चार महिन्यांनी येणारा दुसरा हप्ता भरू नका. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनंतर पहिले वर्ष पूर्ण भरलेले आणि सरलेले असेल तर पॉलिसी सोडतानाही काही मूल्य मिळू शकते; किती ते कंपनीकडून लेखी मागवा. त्यात तोटा होईल. तो सोसा. पुढचे १० लाख ८० हजार त्यामागे घालू नका.

आपल्या घरात विमा एकाचाच हवा आहे आणि तो आपला, ज्याचा पत्रात उल्लेखही नाही. घरखर्च २८ हजार आणि थेरपीचे १२ हजार मिळून वर्षाला पावणेपाच लाख होतात. एवढे उत्पन्न दीर्घकाळ पुरवायला १ कोटी २५ लाखांची पुंजी लागेल, त्यावर उरलेले गृहकर्ज. म्हणून दीड कोटीचा शुद्ध मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) घ्या. आपल्या वयाच्या निर्व्यसनी माणसाला वर्षाला साधारण १८ ते २२ हजार पडेल. तो विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेसंबंधीच्या १८७४ च्या कायद्याखाली पत्नीच्या नावे घ्या, म्हणजे ती रक्कम कर्जदारांपासून सुरक्षित राहते. मुलाच्या स्वतःच्या नावावर मात्र आताच मोठी रक्कम करू नका. अठराव्या वर्षी तो स्वतः व्यवहार पाहू शकला तर आनंदच आहे. नाही पाहू शकला तर खाते अडकते आणि राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालक नेमून घ्यावा लागतो. त्याच्यासाठी न्यास (ट्रस्ट) आणि मृत्युपत्र करण्याचा निर्णय तो पाच-सहा वर्षांचा झाल्यावर घेऊ. तोवर त्याचे चित्र स्पष्ट झालेले असेल.

निदान झाले आणि अपंगत्व प्रमाणपत्र मिळाले, तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत नाव घाला : १ लाखांपर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि उपमर्यादांसह बाह्यरुग्ण थेरपीही त्यात येते. प्रमाणपत्र काढणे म्हणजे मुलावर शिक्का मारणे, असे घरात कोणी म्हणेल. लहान मुलांना ते बहुधा ठरावीक मुदतीचे मिळते आणि पुन्हा तपासले जाते.

मुदत ठेवीचे ६ लाख असे ठेवा : ४ लाख सहा महिन्यांचा आकस्मिक निधी, त्याच बँकेत छोट्या ठेवींमध्ये, २ लाख पुढच्या दोन वर्षांच्या एमआरआय, बेरा, पायाची स्प्लिंट (पाऊल योग्य स्थितीत धरणारा आधार) आणि मुंबई-पुण्याच्या खेपा यांसाठी. स्प्लिंट पाय वाढला की बदलावी लागते, हे खर्चात धरून ठेवा. पगारातून कर्जहप्ता आणि घरखर्च वजा जाता १९ हजार उरतात. त्यातून थेरपी आणि प्रवास साडेबारा, मुदत विमा पावणेदोन, म्हणजे पावणेपाच हजार हातात राहतात. मुलगा पूर्ववत सत्रांना जाऊ लागला आणि घरचा कार्यक्रम बसला की पत्नीने अर्धवेळ शिकवण्याचा विचार करावा. तिच्या पगारासाठी नाही म्हटले तरी चालेल. तिच्यासाठी म्हणून करावा.

दाव्याचे ४०–५० लाख कोणत्याही आराखड्यात धरू नका. प्रत्येक जन्मइजा निष्काळजीपणातून होत नाही आणि निकालाला वर्षे लागतात. पण चौकशी करायचीच असेल तर विलंब महाग पडेल : २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे आणि मुलगा २० महिन्यांचा आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. प्रसूतीच्या नोंदी, बाळाच्या हृदयगतीचे आलेख आणि अतिदक्षता विभागाचा पूर्ण संच आजच लेखी मागा. दावा केला नाही तरी बालमेंदूविकार तज्ज्ञांना तेच कागद लागणार आहेत.

या आठवड्यात एवढे करा : सत्रे पुन्हा सुरू, तज्ज्ञांची वेळ, बेराची तारीख, रुग्णालयाला अर्ज. बँकेत जायचे असेल तर ठेव नूतनीकरणासाठीच जा. सहा महिन्यांनी पुन्हा लिहाल तेव्हा शिलकीच्या आकड्यांबरोबर हेही कळवा, की खेळणे डाव्या बाजूला ठेवल्यावर तो कोणता हात पुढे करतो.