डॉक्टर लिहून देतात तेच औषध ब्यूटी क्रीममध्ये का चालत नाही?

खाज-सूज उतरवणारं स्टेरॉइड, मुरुमांवरचं ट्रेटिनॉइन ही औषधं डॉक्टरच तोंडाला लावायला देतात, मग कॉस्मेटिकमध्ये बंदी का, असं तुम्ही विचारलंय. ऐरोलीत माझं मेडिकल आहे. औषध वाईट म्हणून ही बंदी नाही. डॉक्टर "रात्री एकदा, पंधरा दिवस" असं लिहितात आणि नंतर तपासतात. ब्यूटी क्रीमला ना डोस, ना शेवट. माणूस पावडरीसारखं वर्षानुवर्षं लावतो.

मागच्या महिन्यात एक ताई स्टीलची छोटी डबी घेऊन आल्या. पार्लरवालीने मोठ्या डब्यातून चमच्याने काढून दिलेलं क्रीम. "दादा, हेच द्या. दोन दिवस नाही लावलं तर तोंड भाजल्यासारखं होतं." ट्यूबलाइटखाली बघितलं तर गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आत बारीक लाल रेघा. डबीत काय होतं ते तपासल्याशिवाय सांगता येत नाही, पण लक्षणं सगळी स्टेरॉइडची.

स्टेरॉइडने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा उजळ दिसतो. गंमत म्हणजे स्टेरॉइड मलमाची ताकद मोजायची एक चाचणीच अशी आहे: कातडी किती पांढरी पडते ते बघायचं. म्हणजे ज्याला आपण ग्लो म्हणतो, तो औषधाचा परिणाम. रोज लावलं की कातडी पातळ होते, आणि थांबलं की त्याच वाहिन्या फुलून लाली, आग, पुटकुळ्या. मग घाबरून माणूस पुन्हा लावतो.

ट्रेटिनॉइनचं कारण वेगळं: गरोदरपणात ते टाळायला सांगतात. ब्यूटी क्रीम विकताना तुम्हाला दिवस गेलेत का, हे कोण विचारणार? अँटिबायोटिक रोज थोडं थोडं लावलं तर जंतू त्याला सरावतात. युरोपात ही तिन्ही कॉस्मेटिकच्या बंदी यादीत आहेत. आपल्याकडे औषध आणि कॉस्मेटिक यांचे परवानेच वेगळे. तरी 2018 पर्यंत बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय मिळायची. त्या वर्षी ती शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत आली. आम्ही दुकानदारांनीही तोवर ती सर्रास विकली, हे कबूल करायला हवं.

तुम्ही असलं काही लावत असाल तर मनाने एकदम बंद करू नका, आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. त्या ताईंनाही तेच सांगितलं. त्यांनी डबीचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाल्या, "रविवारी भाचीची हळद आहे हो. सोमवारी जाते."