नवरा बोलत नाही? मग त्याला गप्प बसू द्या

‘नवरा घरात बोलतच नाही, विचारलं तर “काही नाही” म्हणतो,’ ही तक्रार जोडप्यांचं समुपदेशन करताना माझ्याकडे सारखी येते. कधी नवरेही बायकोबद्दल हेच सांगतात.

त्यातलंच एक जोडपं (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). तिचं म्हणणं, “मी विचारल्यावर बोललास तर त्यात काय अर्थ? स्वतःहून बोल ना!” तो कात्रीत सापडलेला. बोलला तर ‘सांगितलं म्हणून बोललास’, गप्प बसला तर ‘बघा, असाच असतो हा’. मानसशास्त्रज्ञ पॉल वॉट्झलाविक आणि अमेरिकेतल्या पालो आल्टोच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पेच नेमका पकडला होता: उत्स्फूर्तपणा फर्मावता येत नाही आणि प्रश्न सोडवायची धडपडच पुष्कळदा प्रश्न जिवंत ठेवते.

म्हणून त्याला मी गप्प बसण्याचंच काम दिलं. रात्री जेवणानंतर अर्धा तास तिच्याजवळ बसायचं, पण बोलायचं नाही. काही सुचलं तरी उद्यावर ढकलायचं. तिने विचारायचं नाही, चेहराही वाचत बसायचं नाही. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की फी परत मागते की काय!

पुढच्या भेटीत तीच सांगू लागली, “परवा म्हणाला, नियम मोडतोय, पण एक सांगू का? आणि ऑफिसातलं सगळं सांगत बसला.” तो ओशाळून हसत होता. मी शाबासकी दिली नाही. “जरा घाई झाली, हा आठवडा पुन्हा गप्प,” म्हटलं. ती चिडलीच. पण कौतुक केलं असतं, तर बोलणं पुन्हा परीक्षा झालं असतं. हे कारण मी दोघांना उघड सांगितलं. लपवाछपवी मला पटत नाही आणि कारण कळलं म्हणून उपाय फसतो, असंही दिसत नाही.

मारहाण, आत्महत्येचे विचार, व्यसन किंवा ताजं दुःख असेल तिथे ही उलटी वाट मी धरत नाही. आणि घरी फणकाऱ्याने ‘नकोच बोलूस!’ म्हणणं म्हणजे हा उपाय नव्हे. त्यात ‘बोल’ हा हुकूम तसाच असतो आणि समोरच्याला तो बरोबर ऐकू येतो.