विहीर 12 मीटरवर, शोषखड्डा कुठे?

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातला हिशेब असा: राजापूरजवळ सड्याच्या (जांभ्या दगडाच्या पठाराच्या) उतारावर वडिलोपार्जित जागेत चार खोल्यांचं होमस्टे, बजेट 22 लाख. सेप्टिक टाकी आणि तिचं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा ठेकेदार 80 हजारांत करून देतोय. इंजिनियर म्हणतो, आधी 15 हजार खर्चून माती-पाणी तपासा. जमीन नाही म्हणाली तर टाकीतून निघणारं पाणी गाळणाऱ्या फिल्टरसकट खर्च 2 लाखांवर जाईल. त्यासाठी 5 लाखांची एफडी मोडू का, असं विचारलंत.

मोडू नका. पण बचत खात्यातले 15 हजार आजच बाजूला काढा. फिल्टरचा प्रश्न तपासणीनंतरचा. तो खर्च कदाचित येणारही नाही.

तपासणी म्हणजे फार काही नाही. शोषखड्डा जितका खोल जाणार तितकं खणायचं, तळाला थोडी खडी टाकून पाणी भरायचं, रात्रभर मुरू द्यायचं. दुसऱ्या दिवशी 15 सेंटिमीटर पाणी ठेवून अर्ध्या तासात किती उतरतं ते पट्टीने बघायचं. 25 मिलिमीटर उतरायला 30 मिनिटांच्या आत वेळ लागला तर भारतीय मानकाप्रमाणे शोषखड्डा चालतो, तासाहून जास्त लागला तर फिल्टरसारखा दुसरा उपाय बघावा लागतो.

मात्र जांभ्यात एक गोम आहे. चिऱ्याला भोकंच भोकं, त्यामुळे पाणी भसकन उतरतं आणि ठेकेदार खूश होतो. तेच पाणी नीट गाळलं न जाता विहिरीकडेही तितक्याच घाईने जातं. मानक म्हणतं शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर हवा. तुमच्या नकाशात तो विहिरीच्या वरच्या अंगाला 12 मीटरवर आहे. आत्ता संडास आणि त्याच्यासोबत शोषखड्डा दुसऱ्या बाजूला सरकवणं म्हणजे नकाशावरची एक रेघ आणि थोडा जास्तीचा पाइप. जोतं झाल्यावर हाच बदल लाखात जाईल.

दुसरं, मे महिन्यातल्या खड्ड्यावर विश्वास ठेवू नका. आमच्या काकांचा शोषखड्डा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा होता. श्रावणात झाकण उचललं तर पाणी काठाखाली वीतभर, आणि संडासातून बुडबुडे. पावसाळ्यातली पातळी फुकटात कळते: विहिरीत वाकून चिऱ्यावरची शेवाळाची रेघ बघा, शेजारच्या विहिरींतही बघा. ती रेघ खड्ड्याच्या तळाच्या वर असेल तर साधा शोषखड्डा विसरा.

मग फिल्टर लागला तर जास्तीचे 1.20 लाख कुठून? तुमच्या यादीत चिऱ्याचं कुंपण आणि कमानीचं गेट मिळून दीड लाख आहेत. ते दोन वर्षांनी केलंत तरी पाहुण्यांचं काही अडत नाही. पाणी बिघडलं तर मात्र एप्रिल-मेच्या ऐन हंगामात टँकर मागवावा लागेल, आणि नव्या बोअरला पाणी लागेलच असं कोण लिहून देणार? कुंपण थांबवूनही पैसे कमी पडले, तर एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे लागेल तेवढी उचल, घ्या. व्याज ठेवीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्के जास्त पडेल, पण वापरलेल्या रकमेवरच.

ठेकेदाराला ॲडव्हान्स देण्याआधी विहिरीचं पाणी तपासून घ्या, ई-कोलाय (मैल्यातले जंतू) आणि नायट्रेट दोन्हींसाठी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत चौकशी करा. पुढे शेजाऱ्याने बोट दाखवलं तर हाच कागद उपयोगी पडेल.

आणि टाकी रस्त्याच्या बाजूला ठेवा. दोन-तीन वर्षांनी गाळ उपसायला गाडी येईल, तिचा पाइप तिथवर पोचायला हवा.