नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून उडण्याआधी मेटार असा वाच

मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या ताज्या हवामान नोंदीत, आधी तापमान आणि दवबिंदू यांतला फरक बघ. अंशाला ४०० फूट धरले की दुपारच्या फुगीर ढगांचा तळ अंदाजे कळतो. २८/२५ असेल तर जमिनीपासून साधारण १,२०० फूट. व्हीएफआरला, म्हणजे बाहेर बघून उडायच्या नियमांना, १,५०० फुटांचं छत (ढगांच्या तळाची उंची) आणि ५ किलोमीटर दृश्यमानता लागते, म्हणजे विषय संपला. माझ्या मते नवख्याने ३,००० फूट आणि ८ किलोमीटरच्या खाली इंजिन सुरूच करू नये.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे वारा पडला आणि फरक एका अंशावर आला की धुकं धरतं. म्हणून लागोपाठचे तीन मेटार ताडून बघ. मे महिन्यात टॅफमध्ये (विमानतळाच्या हवामान अंदाजात) सीबी, म्हणजे गडगडाटी ढग, दिसला तर विमान बांधूनच ठेव. गोंदियाला जाणार असशील तर तिथे मुक्काम पडू शकतो, हे घरी सांगूनच नीघ. परतायची घाई भल्याभल्यांना ढगात नेते.