पितळेत उमटणारी खोली आणि तिसऱ्या आठवड्यात मोडणारा नेम

या वेळी बहुतेक पत्रं एकाच अडचणीभोवती फिरतात. घरी, स्वतःसाठी, कोणी सांगितलेलं नसताना एखादा फोटो-उपक्रम हाती घ्यायचा आणि तो अर्ध्यात सुटू द्यायचा नाही, हे जमवायचं कसं?

आजीकडची पितळेची चौदा भांडी घरात आहेत. तांब्या, गडू, घंगाळ, पानाचा डबा, दोन समया वगैरे. मोडीत जाण्याआधी प्रत्येकाचा नीट फोटो हवाय. खोली दहा बाय दहाची, खिडकी उत्तरेला. पण फोटोत भांड्यापेक्षा मी, ट्रायपॉड आणि पंखाच जास्त दिसतो. पोलरायझर फिल्टर घ्यावा का?
(डोंबिवली)

फिल्टरचे पैसे वाचवा. काच, पाणी किंवा पॉलिश केलेलं लाकूड यांवरून ठरावीक कोनात परतणारा प्रकाश ध्रुवित झालेला असतो, म्हणून पोलरायझर तो अडवू शकतो. उघड्या धातूवरून परतणाऱ्या प्रकाशाचं तसं नसतं. फिल्टर फिरवत बसाल, फोटो काळपट होईल आणि पंखा जागच्या जागी राहील.

पितळेचं भांडं म्हणजे फुगीर आरसा. आरशातलं प्रतिबिंब पुसता येत नाही, पण त्यात काय दिसावं हे आपल्या हातात असतं. म्हणून भांड्याभोवती एक छोटी पांढरी खोलीच उभी करायची. टेबल खिडकीपासून अडीच-तीन फुटांवर असं ठेवा, की खिडकी भांड्याच्या बाजूला येईल. खिडकी आणि भांडं यांच्यामध्ये, भांड्यापासून फूटभर अंतरावर, ९० जीएसएमचा ट्रेसिंग पेपर टांगा. त्याची उंची भांड्याच्या किमान दुप्पट हवी, नाहीतर कागदाची वरची कड तांब्याच्या गळ्यावर रेघ होऊन उमटते. सुरकुत्याही उमटतात, तेव्हा वर कपड्यांचे चिमटे आणि खाली वजनाला लाकडी पट्टी लावा. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा सनबोर्ड (फोमचा हलका, ताठ तक्ता) उभा करा. डोक्यावर एक आडवा धरला की पंखा आणि छतही गेलं. पंखा बंदच ठेवा, कागद हलतो.

इथपर्यंत बरेच जण येतात आणि निराश होतात, कारण चहूबाजूंनी पांढरं पाहणारं भांडं चपटं, प्लॅस्टिकसारखं दिसू लागतं. गोलाई काळ्यामुळे येते. काळ्या कार्डपेपरच्या दोन इंच रुंद पट्ट्या कापा आणि फ्रेमच्या जेमतेम बाहेर, भांड्याच्या दोन्ही अंगांना उभ्या करा. कडेवर गडद रेघ येते आणि तांब्याचं पोट पुढे येतं. पट्टी अर्धा इंच सरकवली तरी फरक पडतो, म्हणून दर वेळी व्ह्यूफाइंडरमधून पाहूनच हलवा.

उरला कॅमेरा. ८५ ते १०० मिमी लेन्स लावून पाच-सहा फूट मागे जा. लेन्सच्या मापाचं भोक पाडलेला पांढरा पुठ्ठा कॅमेऱ्यापुढे धरला की प्रतिबिंबात फक्त एक काळा ठिपका उरतो. टायमर दोन ऐवजी दहा सेकंदांचा ठेवा आणि तेवढ्यात खोलीतून बाजूला व्हा. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/११, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद. ढगाळ सकाळी शटर पाव सेकंदापासून सेकंदभरापर्यंत जाईल, जाऊ द्या. एफ/१६ च्या पुढे मात्र जाऊ नका, विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्यामुळे) बारकावे मऊ होतात. ऑटो व्हाइट बॅलन्स पिवळ्या पितळेला ‘दुरुस्त’ करायला जाऊन निळसर करून ठेवतो. ग्रे कार्ड (रंगछटा नसलेलं राखाडी कार्ड) भांड्याजागी ठेवून व्हाइट बॅलन्स एकदा मोजा आणि तेच कायम ठेवा. खोलीतली ट्यूबलाइट बंद हवी, नाहीतर एका बाजूला हिरवट छटा येते.

जुन्या भांड्यांवर बहुधा नावं कोरलेली असतात, कधी लग्नाची तारीखही. त्या ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांची वेगळी फ्रेम घ्या. मघाच्या पांढऱ्या प्रकाशात ती बुजतात. अक्षरांचा भाग ज्या दिशेचं प्रतिबिंब दाखवतो तिथे काळा पुठ्ठा धरा आणि खिडकीचा प्रकाश अगदी बाजूने येऊ द्या. सपाट पितळ गडद होतं आणि प्रत्येक ठिपक्याची कड चमकते.

चिंच-मिठाने घासलंत तर लगेच धुऊन जुन्या सुती कापडाने कोरडं करा आणि पुढे हात रुमालातूनच लावा, बोटांचे ठसे मोठे दिसतात. चौदाच्या चौदा भांडी लख्ख करायची गरज नाही. पोचे आणि काळपटपणा हीसुद्धा त्या भांड्यांची माहितीच आहे. एखादं तरी तसंच ठेवा.

रोज एक फोटो, वर्षभर, असा नेम तीनदा केला. तिन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात मोडला. २१ दिवस टिकलं की सवय लागते म्हणतात, माझं तेवढंही होत नाही. इच्छाशक्ती वाढवायला काय करावं?
(नाशिक)

आधी त्या २१ दिवसांचा हिशेब. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. रोजच्या नेमाशी त्याचा संबंध नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी तपासल्या तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही, हेही त्यातच दिसलं. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात तुम्ही वाटेतच होतात.

आता इच्छाशक्तीचं. तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलंय : ‘कपाटातून सगळं काढून मांडायला चाळीस मिनिटं जातात.’ घोडं तिथे पेंड खातंय. दहा मिनिटांच्या फोटोसाठी चाळीस मिनिटं मांडामांड आणि वीस मिनिटं आवराआवर असेल, तर कोणाचाही नेम मोडेल.

खोलीचा दोन बाय दोन फुटांचा एक कोपरा कायमचा द्या. तेही शक्य नसेल तर जागा खुणांनी बांधून टाका. टेबलाचे आणि ट्रायपॉडचे पाय जिथे येतात तिथे फरशीवर रंगीत टेप लावा. ट्रायपॉडच्या नळीवरही उंचीची खूण करा. पाठीमागचा कागद, रिफ्लेक्टर, चिमटे, काळ्या पट्ट्या एकाच पिशवीत ठेवा आणि ती दारामागे अडकवा. कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स ‘सी १’ किंवा ‘यू १’ (आपली सेटिंग साठवण्याची डायलवरची जागा) वर साठवून ठेवा. मांडणी पाच मिनिटांच्या आत आली की मग नेमाचं बोलू.

वेळ घड्याळाला बांधू नका, घरातल्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधा. ‘सकाळचा चहा झाला की कप विसळायच्या आधी एक फोटो’ हे ‘रोज साडेसातला फोटो’पेक्षा चांगलं टिकतं. अमुक झालं की तमुक करायचं, अशा नेमक्या शब्दांत ठरवलेला बेत नुसत्या निश्चयापेक्षा जास्त पाळला जातो, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून पुढे आलं आहे.

आणि ३६५ हा आकडाच सोडा. तो हिशेबाच्या सोयीचा आहे, फोटोच्या नाही. एक विषय, एक खिडकी, एक लेन्स, चाळीस फोटो. रोज एकच गोष्ट बदला : आज प्रकाशाची दिशा, उद्या अंतर, परवा पाठीमागचा रंग. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर फोटो कशाने सुधारला ते कळत नाही. दोनशे पानी वहीत रोज एक ओळ लिहा : तारीख, खिडकीपासूनचं अंतर, शटर, आणि काय फसलं. निवड आणि एडिटिंग त्याच दिवशी करू नका, ते रविवारी. त्यातला एक फोटो चार बाय सहाचा प्रिंट करून भिंतीवर लावा. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन फोटो काढायचे नाहीत, एवढं पथ्य पाळा. कर्ज साठलं की माणूस वहीच उघडत नाही.

एक खिडकी कंटाळवाणी वाटत असेल, तर प्रागचे योसेफ सुदेक पाहा. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला हा छायाचित्रकार १९४० पासून पुढे अनेक वर्षं आपल्या लहानशा स्टुडिओच्या खिडकीचेच फोटो काढत राहिला. दव, बर्फ, काचेवरचे ओघळ. पुण्यामुंबईच्या पावसात तेवढा ऐवज सहज मिळेल.

एकटीच स्वतःचे पोर्ट्रेट काढते. ५० मिमी एफ/१.८, एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा. दहांतले आठ फोटो आउट ऑफ फोकस येतात. लेन्स खराब आहे का?
(कोल्हापूर)

लेन्स ठीक असावी. दीड मीटरवर एफ/१.८ ला तुमच्या कॅमेऱ्यात पुढून मागे जेमतेम साडेसहा सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. उभ्या माणसाचं डोकं मागेपुढे तेवढं सहज हलतं. एफ/५.६ ला तोच पट्टा वीस सेंटिमीटरच्या आसपास जातो.

दुसरं कारण टायमरचं. बरेच कॅमेरे बटण दाबतात त्याच क्षणी फोकस करतात, आणि तेव्हा तुम्ही समोर नसताच. तुमच्या जागी मॉपचा दांडा उभा करा, डोळ्यांच्या उंचीवर छापील मजकुराचा कागद चिकटवा, त्यावर फोकस घ्या आणि लेन्स मॅन्युअलवर टाका. पावलांच्या जागी टेप. मग फोनच्या अ‍ॅपने किंवा इंटरव्हल टायमरने दर पाच सेकंदांना एक असे वीस फोटो. भिंतीला पाठ टेकवलीत किंवा स्टुलावर बसलात तर हालचाल आणखी कमी. आठ बाय चार फुटांच्या दोन सनबोर्डचा चिंचोळा कोपरा करून त्यात उभं राहणं हाही मार्ग आहे. १९४८ साली अर्व्हिंग पेन यांनी नामवंतांना अशाच कोपऱ्यात उभं करून पोर्ट्रेट काढली होती. तिथे माणसाला फार हलायला जागाच नसते.

एलईडी दिव्याखाली फोटोवर आडवे पट्टे का येतात?
(लातूर)

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. इलेक्ट्रॉनिक शटर फोटो ओळीओळीने वाचतं, त्यामुळे काही ओळी उजळ, काही मंद. मेकॅनिकल शटर वापरा आणि वेग १/५० किंवा १/१०० ठेवा. डिमर असलेल्या दिव्याचं लुकलुकणं वेगळ्या गतीचं असू शकतं, तो पूर्ण प्रखर करा आणि उजेड कमी हवा असेल तर दिवा मागे न्या. अंतर दुप्पट केलं की उजेड एक चतुर्थांश, म्हणजे दोन स्टॉप कमी. नवा दिवा घेताना खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ किंवा जास्त लिहिलंय का ते पाहा, त्वचेचा रंग त्यावर ठरतो.

पावसाळ्यात लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवलेली चालेल?
(रत्नागिरी)

नको. तांदूळ ओल फारशी शोषत नाही, आणि पीठ लेन्सच्या रिंगांमध्ये शिरतं. घट्ट झाकणाचा दहा लिटरचा प्लॅस्टिक डबा, त्यात २०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. ३० च्या खाली गेला तर थोडी जेल काढा, फार कोरडी हवा रबराला मानवत नाही. दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास. चामडी पाऊच डब्यात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि त्याला बुरशी लवकर लागते.