अमेरिकेतल्या फ्रॅटर्निटी-सोरॉरिटीत गेल्यावर मुलांची ओळख खरंच बदलते का?

हो, बदलते. फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातल्या मुलांची आणि सोरॉरिटी म्हणजे मुलींची, ग्रीक अक्षरांच्या नावाची संघटना. ओळख सगळ्यात जास्त बदलते ती पहिल्या काही महिन्यांत, म्हणजे 'प्लेज' (पक्कं सदस्य होण्याआधीचा उमेदवार) असताना. १८ वर्षांचं पोर घरापासून लांब असतं, कॉलेजात कुणाला ओळखत नसतं. अशा वेळी ग्रीक अक्षरं छापलेला टी-शर्ट, हक्काने जायला एक घर आणि 'ब्रदर' म्हणणारी तीस-चाळीस मुलं एकदम मिळतात. मग बोलण्यात 'मी'च्या जागी 'आम्ही' यायला वेळ लागत नाही. अ‍ॅरन्सन आणि मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्रयोगातून दाखवलं होतं की गटात शिरताना जास्त त्रास सोसावा लागला, तर तो गट जास्त आवडू लागतो. हेझिंग, म्हणजे तिथलं रॅगिंग, टिकून राहण्याचं हे एक मोठं कारण. त्यात मुलांचे जीव गेले आहेत, म्हणून मुलगा किंवा मुलगी तिकडे जाणार असेल तर या विषयावर घरी आधीच मोकळेपणाने बोला.

पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. अल्फा फाय अल्फा ही फ्रॅटर्निटी (कॉर्नेल विद्यापीठ, १९०६) आणि अल्फा कॅपा अल्फा ही सोरॉरिटी (हॉवर्ड विद्यापीठ, १९०८) या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटना वर्णभेदाच्या काळात आधार म्हणून उभ्या राहिल्या आणि तिथलं नातं पदवीनंतरही आयुष्यभर जपलं जातं. कमला हॅरिस हॉवर्डमध्ये शिकताना अल्फा कॅपा अल्फाच्या सदस्य झाल्या, आणि पुढे अनेक दशकांनी त्यांच्या निवडणुकीच्या वेळी गुलाबी-हिरव्या कपड्यांतल्या याच 'सोरॉर', म्हणजे संघटनेतल्या भगिनी, त्यांच्या मागे उभ्या होत्या.