नावाचे पैसे कोण देणार?

डिचोलीहून एका मुलीचं पत्र आलं आहे. वय २७, बीडीएस झालेली, म्हापशाला एका दंतवैद्यांच्या दवाखान्यात महिना ३८ हजारांवर काम करते. शाळांमधून दात तपासणीची शिबिरं करता करता तिला सार्वजनिक आरोग्याची गोडी लागली आणि आता एमपीएच, म्हणजे त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी, करायचं ठरलं आहे. हातात तीन पर्याय आहेत. पहिला, अमेरिकेतली अतिशय नावाजलेली संस्था. अभ्यासक्रम ११ महिन्यांचा, सर्वसाधारण एमपीएच, थोडी शिष्यवृत्ती वजा जाता खर्च ९० लाख. दुसरा, अमेरिकेतलंच एक राज्य विद्यापीठ. दोन वर्षं, विषय साथरोगशास्त्र, सहायकपद मिळाल्याने फी बरीचशी माफ, खर्च ३८ लाख. तिसरा, आपल्याच देशातली एक सरकारी संस्था. दोन वर्षं, सगळं धरून ७ लाखांच्या आत. घरात शिल्लक १० लाख. आई निवृत्त शिक्षिका, तिला पेन्शन. वडिलांचे पूर्वी खाणीवर दोन ट्रक होते. आता ते म्हणतात, आजोबांचं काजूचं भाट, म्हणजे बाग, बँकेला लिहून देऊ, पण मुलीला मोठ्या नावाच्या ठिकाणीच पाठवू. पाच-सात वर्षांनी गोव्यात परतून काम करायची तिची इच्छा आहे. ‘असं नाव आयुष्यात पुन्हा चालून येत नाही असं सगळे म्हणतात, तुम्हाला काय वाटतं?’ असा तिचा प्रश्न.

बाय, ‘मला एकेरीच लिहा’ असं तूच लिहिलंस, म्हणून तसंच लिहितो. संस्थांची नावं छापू नका म्हणालीस, तीही छापत नाही.

आधी हिशेब. मोठ्या नावासाठी १० लाख घरचे आणि ८० लाख बँकेचे. तुला सांगितलेला दर साडेदहा टक्के, मुदत दहा वर्षं. शिक्षण आणि त्यानंतरची सवलत मिळून दीड वर्ष हप्ता नाही, पण व्याज साठतच राहणार. पैसे दोन टप्प्यांत उचलले तरी साडेदहा लाख व्याज चढून कर्ज साडेनव्वद लाखांवर जातं. त्यावरचा हप्ता महिना १ लाख २२ हजार. दहा वर्षांत एकूण १ कोटी ४६ लाख फेडायचे. राज्य विद्यापीठासाठी ३० लाख कर्ज काढलंस तर त्याच दराने हप्ता ४९ हजारांच्या आसपास. देशातल्या पर्यायाला कर्जच लागत नाही.

आता तूच पाठवलेल्या तीन जाहिराती बघ. पुणे, दिल्ली, पणजी. पगार ५५ ते ८० हजार. म्हणजे मोठ्या नावाचं कर्ज भारतातल्या पगारातून फिटत नाही. ओढाताणीनेही नाही. ते फिटायला अमेरिकेत नोकरी मिळायला हवी आणि ती बरीच वर्षं टिकायलाही हवी. प्रश्न ‘नाव मोठं की लहान’ असा राहतच नाही. ते नाव तुला डॉलरमधली नोकरी देऊन ती टिकवेल का, एवढंच तपासायचं आहे.

नाव खोटं असतं असं मी म्हणत नाही. जॉन्स हॉपकिन्सची सार्वजनिक आरोग्याची शाळा १९१६ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून उभी राहिली, त्यामागे शंभरावर वर्षांचं काम आहे. पण त्याच फाउंडेशनच्या मदतीने १९३२ मध्ये कोलकात्याला अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्था सुरू झाली, आणि तिचं नाव डिचोलीत कितीजणांनी ऐकलं असेल? पहिलं नाव चवथीला माटोळीखाली बसून सांगितलं तर पाहुणे वाहवा करतील. दुसरं सांगितलं तर विचारतील, हे कुठे आलं? पाहुण्यांच्या मताला किंमत आहेच, पण हप्ता ते भरत नाहीत.

रँकिंगचंही तेच. यूएस न्यूजची सार्वजनिक आरोग्य शाळांची जी यादी तू जोडलीस, ती डीन आणि प्राध्यापकांनी एकमेकांच्या संस्थांना दिलेल्या १ ते ५ गुणांवर बनते. विद्यार्थ्याला नोकरी किती दिवसांत लागली, पगार किती मिळाला, परदेशी मुलांचं पुढे काय झालं, यातलं काहीही त्यात मोजलेलं नसतं. तिसरा क्रमांक आणि तिसावा क्रमांक यांत ५२ लाखांचं अंतर आहे का, हे ती यादी सांगू शकत नाही. दोन्ही ठिकाणांना सीईपीएच या परिषदेची मान्यता आहे का, एवढं मात्र नक्की बघ. ती नसेल तर पुढचं बोलणंच नको.

नाव कुठे चालतं ते मला माहीत आहे. जिनिव्हातल्या संस्था, मोठी फाउंडेशन्स, सल्लागार कंपन्या, पीएचडीचे प्रवेश. तिथे दार उघडतं, आणि पहिल्या नोकरीला सर्वांत जास्त उघडतं. पण ११ महिन्यांच्या वर्गात शेजारी कोण बसलेलं असतं? बहुतेक अनुभवी डॉक्टर, आधीपासून एखाद्या आरोग्य खात्यात किंवा संस्थेत असलेले लोक. ते पदवी घेऊन आपल्या जागी किंवा त्याच्या वरच्या जागी परत जातात. संस्थेच्या पत्रकात छापलेला सरासरी पगार त्यांना धरून काढलेला. दवाखान्यातून थेट गेलेल्या बीडीएस मुलीला त्याच नावाचा तेवढाच फायदा होईल असं समजू नकोस. प्रवेश कार्यालयाला एकच प्रश्न लिहून पाठव: गेल्या दोन वर्षांतल्या, अमेरिकेचे नागरिक नसलेल्या आणि एमबीबीएस नसलेल्या विद्यार्थ्यांची पहिली नोकरी कोणती? उत्तर गुळमुळीत आलं तर तेच उत्तर समज.

आता ज्या गोष्टीकडे तुझ्या पत्रात लक्षच गेलेलं नाही, ती. संस्था तुला आय-२० नावाचा कागद देईल. त्यावर अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा ठरलेला क्रमांक, असतो. सर्वसाधारण सार्वजनिक आरोग्याचा कोड ५१.२२०१. तो स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांच्या, यादीत नाही, म्हणून शिक्षणानंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच, काम करायला १२ महिनेच मिळतात. साथरोगशास्त्राचा कोड २६.१३०९. तो यादीत आहे, म्हणून आजच्या नियमाने आणखी २४ महिने वाढवून मिळू शकतात. तीन वर्षं पगार आणि एक वर्ष पगार, हा फरक कुठल्याही रँकपेक्षा मोठा आहे. पण सांभाळ: काही विद्यापीठं साथरोगशास्त्राच्या एमपीएचलाही ५१.२२०१ हाच कोड लावतात. म्हणून विषयाच्या नावावर जाऊ नकोस, कोड लेखी मागव.

त्यानंतर एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. विद्यापीठं आणि त्यांना जोडलेल्या ना-नफा संस्था सोडतीच्या बाहेर असतात, ही सार्वजनिक आरोग्यवाल्यांच्या जमेची बाजू. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम बसली. तिथे शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना ती लागू नाही असा खुलासा नंतर आला खरा, पण माझ्या मते नोकरी देणाऱ्यांचे हात आखडायला तेवढी बातमी पुरते.

आणि इथे बाबांना बोलवायला हवं. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली, सांगे, कुडचडेच्या कितीतरी घरांत ट्रक दारात उभे होते आणि हप्ते चालू होते. ट्रक वाईट नव्हते. ज्या खनिजाच्या भरवशावर कर्ज काढलं, ते एका आदेशाने थांबलं. पुन्हा सुरू झालं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर परत थांबलं. त्या काळात माझ्याकडे आलेल्या लोकांनी चूक काय केली म्हणशील तर एकच: हप्ता चांगल्या महिन्याच्या कमाईवर बेतला होता. वाईट महिन्याचा विचार कागदावर कुठेच नव्हता.

जागतिक आरोग्याच्या क्षेत्राची खाण २०२५ मध्ये अशीच अर्धी बंद पडली. जानेवारीत अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडायचा आदेश काढला, १ जुलैला यूएसएड या परदेशांना मदत देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचं काम थांबलं. त्या पैशावर चालणारे प्रकल्प जगभर आटले. ज्या नोकऱ्यांसाठी मोठं नाव उपयोगी पडतं, त्यातल्या बऱ्याच याच पैशावर चालत होत्या. आता तिथे दहा-पंधरा वर्षं अनुभव असलेली माणसंही रांगेत आहेत. नाव घेऊन तू त्यांच्या मागे उभी राहशील. बाबांना हे मी समजावायची गरज नाही, त्यांनी ते दारातल्या ट्रककडे बघत काढलेलं आहे.

मग काजूचं भाट. कागद पाहिलेत का? एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, अजून आजोबांचं नाव असेल तर आधी इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टात वारसांची मांडणी. काका, आत्या, त्यांचे नवरे-बायका, सगळ्यांच्या सह्या. आपल्या गोव्याच्या कायद्यात नवऱ्याची मिळकत बायकोच्या संमतीशिवाय गहाण पडत नाही, हे तू ऐकलंच असशील. एखादी आत्या मुंबईला असली की महिने जातात, आणि तोवर ऑगस्टचा प्रवेश निघून जातो. त्यातूनही सगळं जमलं तरी माझं मत नाही असंच आहे. भाट एकट्या बाबांचं नाही, आणि एका मुलीच्या पहिल्या नोकरीवर अख्ख्या कुटुंबाची जमीन टांगू नये. आईची पेन्शनही हप्त्यात धरू नकोस. ती तिच्या औषधांची आहे.

तर पहिला पर्याय या वर्षी सोड. कायमचा सोड म्हणत नाही. एक वर्ष जागा राखून मिळते का विचार. दवाखान्यातली तुझी तीन वर्षं डिसेंबरात पूर्ण होतात. फुलब्राइट-नेहरूची मास्टर्स शिष्यवृत्ती तीन वर्षांचा अनुभव मागते आणि सार्वजनिक आरोग्य तिच्या विषयांत आहे. तिच्यावर गेलीस तर दोन वर्षं भारतात परतावं लागतं, पण तुला परतायचंच आहे. जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणाला कर्ज-शिष्यवृत्ती देते, तिथेही अर्ज टाक. तेच नाव दुसऱ्याच्या पैशाने मिळालं तर डोळे झाकून जा.

राज्य विद्यापीठ मला पटतं, पण दोन कागद हातात आल्यावर. एक, कोड २६.१३०९ असल्याचं पत्र. दोन, सहायकपद आणि फीमाफी दोन्ही वर्षांसाठी आहे असं लेखी. ‘पहिल्या वर्षी, पुढे कामगिरीनुसार’ असं असेल तर तुझे ३८ लाख ३८ राहणार नाहीत. आणि कर्ज भाट न लावता घे. तारणाविना बिगर-बँक कंपन्या १२ टक्क्यांच्या आसपास मागतील. मग हप्ता ५३ हजारांच्या थोडा वर जातो, म्हणजे महिना साडेचार हजार जास्त. भाट मोकळं ठेवायची ती किंमत आहे आणि मला ती स्वस्त वाटते. तीन वर्षं तिथे काम मिळालं तर बराच भाग फेडून येशील. लगेच परतावं लागलं तर जाहिरातीतल्या पगारात हातात फार उरणार नाही, पण घरी राहून निभेल. करसवलतीचं एवढंच: कर्जातून पाठवलेल्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, नाही, आणि व्याजाची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत, आठ वर्षं.

दोनपैकी एकही कागद आला नाही तर देशातली संस्था, आणि मनात कमीपणा न आणता. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात १९९७ पासून एमपीएच चालतं. केंद्र सरकारने २०२२ मध्ये राज्यांना सार्वजनिक आरोग्य संवर्ग उभारायच्या मार्गदर्शक सूचना दिल्या, तो उभा राहिला तर या पदव्यांची मागणी वाढेल. मात्र एमपीएच ही एमडी नव्हे, वैद्यकीय महाविद्यालयातली प्राध्यापकी तिने मिळत नाही, हा गैरसमज कुणी करून दिला असेल तर काढून टाक. गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त कर्ज योजना आहे, तिची रक्कम परदेशी खर्चापुढे थेंबभर, पण देशातल्या दोन वर्षांना मोठा आधार. १० लाखांची शिल्लक मग तशीच राहू दे.

आणि गोव्यात काम करायचं म्हणतेस तर आधी इथे जाऊन विचार. १९९६ मध्ये गोव्यातच सुरू झालेली संगाथ मानसिक आरोग्यावर काम करते, तिच्या संस्थापकांपैकी विक्रम पटेल आज हार्वर्डला प्राध्यापक आहेत. गावातल्या साध्या माणसांना समुपदेशन शिकवून आरोग्य केंद्रांत बसवायचे त्यांचे प्रयोग जगभर वाचले गेले. तिथल्या किंवा अशाच एखाद्या संस्थेतल्या माणसाला अर्धा तास माग आणि विचार: तुम्ही माणूस घेताना पदवीच्या कागदावर काय बघता? संस्थेचं नाव, की आकडेवारीचं सॉफ्टवेअर येतं का, कोकणीत मुलाखत घेता येते का? त्या उत्तराची किंमत रँकिंगच्या यादीपेक्षा जास्त आहे, आणि ते फुकट मिळतं.

शनिवारी दुपारनंतर मी म्हापशाच्या ऑफिसात असतो. बाबांना घेऊन ये. एक-चौदा घरीच ठेव, दोन्ही विद्यापीठांची पत्रं आण.